अठ्ठावीस मीटर

नाना कुठेही आले की मोजत यायचे. लग्नाच्या मंडपात शिरले की दारापासून स्टेजपर्यंत सारख्या ढांगा टाकत जायचे, ओठ किंचित हलायचे, आणि मग खुर्चीत बसून शेजारच्याला सांगायचे, "बेचाळीस. जेवणाची रांग इथपर्यंत येणार, आपण आत्ताच उठू." आणि रांग तिथपर्यंत यायचीच. आम्ही हसायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला बघून हसू येतं आणि ज्याचं ऐकलं की फायदा होतो.

ते सरकारी मोजणीवाले होते. शेताची हद्द, प्लॉटची हद्द, भावाभावांतला बांध, यातच त्यांची नोकरी गेली. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून येऊन त्यांनी जळगावला पिंप्राळ्यात आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं होतं. केस लवकर पांढरे झालेले, म्हणून पन्नाशीच्या आतच सगळ्या कॉलनीचे नाना. सकाळी भेटले की "जय भीम, ताई" म्हणायचे आणि स्कूटरच्या डिकीवर एक थाप मारायचे. डिकीत टेप असायचा. रविवारीसुद्धा.

"आधी मोजू, मग भांडू," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कॉलनीत दोन शेजाऱ्यांचं कंपाउंडच्या भिंतीवरून महिनाभर बोलणं बंद होतं. नानांनी जाऊन टेप लावला तेव्हा कळलं, की दोघांपैकी कोणीच दुसऱ्याच्या जागेत नव्हतं, दोघंही रस्त्यात होते. भांडण तिथेच मिटलं, कारण आता गप्प बसण्यात दोघांचंही हित होतं.

पण नाना मला खरे कळले ते मैदानावर. माझी गार्गी आणि त्यांची समीक्षा एकाच वर्गात, एकाच धावण्याच्या क्लबमध्ये. दोघींची शर्यत आठशे मीटरची. पहाटे साडेपाचला आम्ही मुलींना स्कूटरवरून आणून सोडायचो आणि पायऱ्यांवर बसून राहायचो. माझी पोस्टातली ड्यूटी नऊला, त्यामुळे मला वेळ असायचा.

त्या पायऱ्यांवर पालक जेवढं बोलत, त्यातलं अर्धं जरी सरांच्या कानावर गेलं असतं, तरी क्लब सुधारला असता नाहीतर बंद पडला असता. ग्रुपवर "साडेपाच म्हणजे साडेपाच" असं लिहिणारे सर स्वतः सव्वासहाला यायचे. पोरी ज्या वाटेनं धावत त्याच वाटेच्या अंगाला भालाफेक चालायची. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू कमी आणि कुत्री जास्त. जामनेरच्या एका स्पर्धेला सगळ्यांना सातला बोलावलं, पाहुणे साडेअकराला आले, आणि पोरी सावलीत केळी खात बसल्या असताना शंभर मीटरची अंतिम फेरी होऊनसुद्धा गेली. कुणी पुकारलंच नाही. स्टॉपवॉच एकच होतं. पहिल्या नंबराची वेळ घड्याळाची, बाकीच्यांची सरांच्या अंदाजाची.

सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. तीन शाळांत खेळाचे तास घेऊन ते इथे यायचे, आणि पोरांवर हात कधी उचलला नाही. पण त्यांना प्रश्न विचारलेला खपायचा नाही. ज्या पालकानं विचारलं, त्याच्या पोराचं नाव पुढच्या यादीतून गळायचं. म्हणून आम्ही सगळे पायऱ्यांवर वाघ आणि सर आले की शेळी. मी त्यात पहिल्या नंबरची, हे आत्ताच सांगून टाकते.

नाना आमच्यात बसायचे, पण कुरकुरायचे नाहीत. भाल्याचा विषय आठ दिवस चघळून झाल्यावर एका सकाळी ते उठले, भाला सगळ्यात लांब कुठे पडतो ते ढांगांनी मोजलं, त्याच्या दहा ढांगा पुढे चुन्याची रेघ मारली आणि सरांना म्हणाले, "सर, तुम्ही त्या दिवशी म्हणत होतात ना रेघ पाहिजे म्हणून, मारून टाकली." सर असं काही म्हणाले नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून ते पोरांना "माझ्या रेघेच्या अलीकडे यायचं नाही" असं दरडावायला लागले. नानांची हद्द आखून देण्याची पद्धत अशी होती.

मैदानाच्या खोलीवर एक मोठा फळा होता. त्यावर क्लबचे विक्रम रंगवलेले. दर वर्षी सर जुने आकडे खोडून नवे, आधीपेक्षा कमी वेळेचे आकडे रंगवून घ्यायचे. "आपली पोरं दर वर्षी सुधारतात," हे त्यांचं पाहुण्यांपुढचं भाषण. त्या वर्षी मुलींच्या आठशे मीटरमध्ये समीक्षाचं नाव लागलं, दोन मिनिटं एकवीस सेकंद. खाली गार्गीचं, दोन सव्वीस. मी त्या फळ्याचा फोटो काढून माहेरच्या सगळ्या ग्रुपवर टाकला होता. नानांनी मात्र फळ्याकडे बघून नुसतं "हं" केलं. समीक्षानं त्यांच्या हाताला चिमटा काढला तेव्हा म्हणाले, "चांगलं शे बेटा, चांगलं शे."

मग धुळ्याची विभागीय स्पर्धा आली. आमच्या क्लबची धावणारी बारा पोरं गेली आणि बाराच्या बारा मागे पडली. समीक्षा सहावी आली, वेळ दोन बत्तीस. गार्गी त्याहून मागे, दोन अडतीस. समीक्षा शर्यत संपल्यावर मैदानातच बसली आणि उठेना. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मनानं कमजोर आहेत पोरी. घरच्या मैदानावर उड्या मारतात, बाहेर आलं की पाय लटपटतात." दर वर्षी असंच होतं म्हणे. दर वर्षी सर हेच सांगतात म्हणे.

धुळ्याहून परतीच्या एस.टी.त मी गार्गीला खूप बोलले. पहाटे कोण उठतं, कुणासाठी उठतं, सगळं काढलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढच्या सीटवर समीक्षा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. "मी आता नाही येणार मैदानावर," एवढंच ती पारोळा येईपर्यंत दोनदा म्हणाली. नाना तिला काही समजावत नव्हते, रागावतही नव्हते. ते छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते.

एरंडोलच्या पुढे त्यांनी वही माझ्या हातात दिली. एका बाजूला बारा पोरांची फळ्यावरची वेळ, दुसऱ्या बाजूला धुळ्याची.

"बघा ताई, बठ्ठी पोरं, बाराच्या बारा, सारख्याच हिशोबानं मागे पडलीत. शंभरवाली थोडी, आठशेवाली जास्त, पण माप एकच. बारा पोरं एकाच मापानं घाबरत नाहीत."

मी म्हटलं, "मग काय झालं असेल, नाना?"

"गोळाफेकवाल्या पोराचं अंतर मात्र जळगावात होतं तेवढंच धुळ्यात आलं. गोळा टेपनं मोजतात." वही परत घेत ते म्हणाले, "पोरी बरोबर आहेत. आपली जमीन कमी भरतेय."

पुढच्या रविवारी क्लबला सुटी होती. नाना दारात येऊन म्हणाले, "ताई, टेपचं एक टोक धरायला कुणीतरी पाहिजे." मी गेले. काही मोठं करतोय असं मला वाटलं नव्हतं, उलट थोडी गंमतच वाटत होती. सरळ भाग झटकन झाला. वळणावर टेप वाकतो, म्हणून नानांनी थोड्याथोड्या अंतरावर खिळे ठोकले आणि त्यांच्या कडेनं टेप नेला. "ओढून धरा ताई, सैल नको." एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, उलट्या बाजूनं तिसऱ्यांदा मोजलं. चारशे मीटरची फेरी तीनशे बहात्तर भरली. अठ्ठावीस मीटर नव्हतेच. आठशेला दोन फेऱ्या, म्हणजे छप्पन मीटर आमच्या पोरी कधी धावल्याच नव्हत्या.

मैदानाची देखभाल करणारे म्हातारे आबा तिथेच राहायचे. दर वर्षी चुन्याची फक्की तेच मारायचे. नानांनी त्यांना विचारलं, "आबा, आखणी कशाना वरथीन करतस?" आबांनी खोलीतून पोत्यात गुंडाळलेला दोर आणला. फार जुना. त्यावर दोन जागी लाल चिंध्या बांधलेल्या, एक सरळ भागाची खूण, एक वळणाची.

"तोच शे," आबा म्हणाले. "तुटना म्हंजे गाठ मारी दिनी. नवा कोन दी?"

नानांनी दोर मैदानात पसरला आणि गाठी मोजल्या. तेवीस. प्रत्येक गाठीनं वीत-दीड वीत दोर खाल्लेला, मिळून सात मीटर, आणि एका फेरीला तोच दोर चार वेळा लागायचा. म्हणजे बघा, दर वर्षी दोर तुटत होता, दर वर्षी आबा इमानदारीनं गाठ मारत होते, मैदान आक्रसत होतं, आणि सर फळ्यावर नवा विक्रम रंगवत होते. मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. नाना हसले नाहीत. "नांगर धरणारा दर साली चार बोटं बांध कोरतो," ते म्हणाले. "वीस वर्षांनी शेजाऱ्याचं वावर अर्धं होतं. कोरणाऱ्यालाही कळत नाही. चोरी नाही ही." मग त्यांनी दोर होता तसा गुंडाळून आबांना परत दिला.

त्याच आठवड्यात क्रीडा वसतिगृहाचे अर्ज आले होते. 'सर्वोत्तम वेळ' असा रकाना आणि त्याखाली क्लबचा शिक्का. वेळ चांगली असेल तर चाचणीला बोलावणं येणार, तिथे निवड झाली तर राहणं, शिक्षण, प्रशिक्षण सगळं तिकडेच. समीक्षाचं ते स्वप्न होतं. गार्गीचं होतं की माझं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

सरांनी मैदानाच्या पायऱ्यांवरच पालकांची सभा घेतली. अर्जांवर शिक्के मारायचे होते आणि नव्या संघाची नावं सांगायची होती. गार्गीला कर्णधार करणार असल्याचं सरांनी मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. सभेच्या शेवटी नाना उठले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सर, आपली फेरी अठ्ठावीस मीटर कमी आहे. कुणाची चूक नाही, दोर आखडला आहे. नवी आखणी करून घेऊ. पोरं कमजोर नाहीत एवढं त्यांना सांगा."

सर हसले. "नाना, बावीस वर्षं हे मैदान आहे. तुम्ही शेतं मोजा."

सगळे हसले. मग एक पालक, त्याचा मुलगा दोनशे मीटर धावायचा, जरा चढ्या आवाजात म्हणाला, "तुमची पोर मागे पडली म्हणून आमच्या पोरांची वेळ कशाला कापता? अर्ज भरून झालेत आमचे."

"मोजताना टेप कुणी धरला होता?" सरांनी विचारलं.

"होतं एक जण."

"कोण?"

मी तिसऱ्या पायरीवर बसले होते. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. ते पाहणार नाहीत हे कळल्यावर मला हायसं वाटलं होतं.

नाना म्हणाले, "ते जाऊ द्या. टेप डिकीत आहे. चला, आत्ताच सगळे मिळून मोजू." कुणी उठलं नाही. सरांनी शिक्के मारायला घेतले. गार्गीच्या अर्जावर मी दोन सव्वीस लिहिलं होतं. समीक्षाच्या अर्जावर नानांनी फळ्यावरचे दोन एकवीस न लिहिता धुळ्याचे दोन बत्तीस लिहिले. तेवढ्या वेळेवर बोलावणं येणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि समीक्षालाही. ती चार दिवस वडिलांशी बोलली नाही. तिची आई मला भाजीच्या गाडीवर भेटली तेव्हा म्हणाली, "पोरीपुढे ताट सरकवून तसेच बसून राहतात, अक्का. स्वतःही जेवत नाहीत." मी भाव करत राहिले.

दुसऱ्या दिवशी नाना भेटले आणि "जय भीम, ताई" म्हणून डिकीवर थाप मारली, नेहमीसारखीच. त्यांनी तोंड फिरवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाचव्या दिवशी समीक्षा मैदानावर आली. नानांनी तिला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण शेवटच्या रेषेपासून छप्पन मीटर पुढे, वळणावर, त्यांनी एक लाकडी खुंटी ठोकली होती. सरांनी शिट्टी मारली, पोरी सुटल्या, दोन फेऱ्या झाल्या, सगळ्या रेषेवर थांबल्या आणि समीक्षा तशीच पुढे धावत राहिली. एकटी. खुंटीजवळ नाना मनगटावरचं घड्याळ धरून उभे होते. तिथे पोचल्यावर त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "दोन तेहतीस."

रेषेवरच्या पोरी हसल्या. सर म्हणाले, "रेस संपली बाई, थांब." ती थांबली नाही. रोज हेच. सर रेषेवर वेगळी वेळ सांगायचे आणि नाना खुंटीवर वेगळी. दोन बत्तीस. दोन एकतीस. एक दिवस दोन चौतीस, त्या दिवशी तिला सर्दी होती. चांगलं असो की वाईट, नाना त्याच आवाजात सांगायचे. समीक्षा ऐकून मान हलवायची आणि पाणी प्यायला जायची. धुळ्याला मैदानात बसून राहिलेली पोर ती हीच का, असं मला वाटायचं.

समीक्षाला चाचणीचं बोलावणं आलं नाही. गार्गीला आलं. मी रजा काढून तिला घेऊन गेले. तिथलं मैदान पूर्ण मापाचं होतं. ती दोन सदतीसमध्ये आली. घड्याळ धरलेल्या बाईंनी अर्ज बघितला, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही दोन सव्वीस कुठली वेळ आहे?" गार्गी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तिची तब्येत बरी नाही."

दुसऱ्या सकाळी मैदानावर जाताना ती स्कूटरवर मागून म्हणाली, "समीक्षानं मला सांगितलं. तिच्या बाबांबरोबर टेप तू धरला होतास." आम्ही पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकापाशी आलो. फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत मी स्कूटर बंद केली. शेवटी मी म्हटलं, "हो, धरला होता. आणि सांगितलं नाही." फाटक उघडलं, मी स्कूटर सुरू केली.

त्या दिवशी दोन फेऱ्या संपल्या, सरांनी घड्याळ दाबलं, पोरी रेषेवर वाकून धापा टाकायला लागल्या, आणि समीक्षाच्या मागोमाग गार्गीही रेषा ओलांडून पुढे गेली. कर्णधाराची पट्टी दंडावर. पायऱ्यांवरचे पालक माझ्याकडे बघायला लागले. वळणावरून नानांचा आवाज आला, "समीक्षा दोन तीस. गार्गी दोन एकोणचाळीस." माझ्या पोरीची इतकी वाईट वेळ कुणी चारचौघांत कधी सांगितली नव्हती, आणि मला रडू आलं ते त्यामुळे नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी दोघी पुढे जायला लागल्या, मग अजून तिघी. सरांनी नवीन दोरही आणला नाही आणि खुंटीही उपटली नाही.

जूनमध्ये नानांची शिरपूरला बदली झाली, समीक्षाही त्यांच्याबरोबर निघाली. सामान भरायच्या दिवशी मी पोळ्यांचा डबा घेऊन गेले. मनाशी वाक्य जुळवून गेले होते, पण टेम्पोवाला घाई करत होता, आणि नाना ढांगा टाकून कपाट दारातून कसं निघेल ते मोजत होते. डबा घेताना म्हणाले, "गार्गी वळणावर बाहेरून धावते. आतून धावायला सांगा, चार-पाच मीटर वाचतील." मी बरं म्हटलं. माफी राहिली. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही.

सोमवारी पोरी सुटल्या. मी पायऱ्यांवर होते. दोन फेऱ्या होत आल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उरलेल्या सहाही जणी रेषेवर न थांबता खुंटीकडे जाणार आणि तिथे आज कुणी उभं नाही. मी मोबाइल काढला. घड्याळ शिट्टीबरोबर लावायचं राहून गेलं होतं. साडी खोचून पायऱ्या उतरले, वळणावर जाऊन उभी राहिले आणि सरांना ओरडून सांगितलं, "सर, पुन्हा एकदा सोडा त्यांना. मी इथून वेळ घेते."

सरांनी पोरींना दहा मिनिटं विश्रांती दिली आणि पुन्हा शिट्टी मारली. गार्गी तिसरी आली. नऊ महिने फळ्यावर दोन सव्वीस लिहिलेली माझी मुलगी, घामानं भिजलेली, खुंटीला हात लावून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दोन अडतीस," मी म्हटलं.

"किती?" रेषेवरून सरांनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं, पायऱ्यांवरच्या पालकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.